मांजराच्या पोटातले जंत: नवीन मांजरवाल्यांनी काय बघायचं, काय द्यायचं आणि कधी

पिल्लू घरी आणलं की खाणं, लिटर, लस हे सगळं लोक आधीच विचारून घेतात, जंतांची आठवण मात्र शीमध्ये काहीतरी वळवळताना दिसलं की मगच होते आणि मग घाबरून कुठलीतरी गोळी आणून अंदाजाने अर्धी तोडून खायला घालतात. माझ्याकडे बिनआईची पिल्लं सांभाळायला येत असतात त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचाच आहे, नवीन लोकांना जे फोनवर परत परत सांगते ते इथे क्रमाने लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: जंताचं औषध म्हणजे लस नव्हे. आज दिलेली गोळी आज आतड्यात असलेल्या जंतांवर काम करते, बहुतेक औषधांचं काम तिथेच संपतं. परवा मांजराने परत जंताचं अंडं चाटलं किंवा अंगावरची पिसू गिळली की परत पहिल्यापासून सुरू. म्हणून "मागे एकदा दिलंय डिवर्मिंग" याला फारसा अर्थ नाही. योग्य औषध, वजनाप्रमाणे डोस, ठरल्या दिवशी पुढचा डोस आणि जंत जिथून येतायत त्या जागेचा बंदोबस्त, हे चारही लागतं.

पहिलं काम: नीट बघा

रोज लिटर साफ करताना शी टाकून देण्याआधी एकदा बघायची सवय लावून घ्या. घट्ट आहे का, पातळ आहे का, शेंबडासारखा चिकट पदार्थ आहे का, लाल रक्त आहे का, की शी डांबरासारखी काळी आहे. काळी शी म्हणजे वरच्या आतड्यात रक्त पडतंय असा अर्थ असू शकतो आणि ते लाल रक्तापेक्षा कमी गंभीर समजू नका.

मग मांजराकडे बघा. पिल्लाचं पोट फुगलेलं पण पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला टोचतायत, केस रखरखीत, खातंय भरपूर पण वाढत नाहीये, हे जंतांचं ठरलेलं चित्र. मधूनच उलटी, कधी उलटीतच जिवंत जंत. शेपटीखालचे केस बाजूला करून बघा, तिथे तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट तुकडे चिकटलेले दिसतात का. ताजे असले तर ते हळूच आखडतात आणि लांब होतात, चक्क हलताना दिसतात, आणि वाळले की पिवळट होऊन गादीवर, पांघरुणावर पडलेले सापडतात. हे टेपवर्मचे, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताचे तुकडे, हे दिसले तर अर्धं निदान झालंच समजा.

आणि हिरड्या. हे कोणी करत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. पिल्लाचा वरचा ओठ अंगठ्याने अलगद वर करा, हिरडी गुलाबी असायला हवी. बोटाने हलकं दाबून सोडलं की दाबलेली जागा क्षणभर पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. हिरडी मुळातच फिकट, पांढुरकी दिसत असेल तर अंगात रक्त कमी आहे, आणि अशा पिल्लाला घरी कुठलंही औषध न देता सरळ व्हेटकडे न्या. काही मांजरांच्या हिरड्यांवर काळे डाग असतात ते नैसर्गिक असतात, त्यांच्या बाबतीत जीभ किंवा पापणीची आतली बाजू बघा.

एक मात्र लक्षात ठेवा, मोठ्या मांजरात जंत असून बाहेरून काहीच दिसत नाही असं खूपदा होतं. "आमचं मांजर एकदम धष्टपुष्ट आहे" म्हणजे जंत नाहीत असं नाही.

पोटात नेमकं कोण आहे

हे कळणं गरजेचं आहे कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आणि येण्याची वाटही वेगळी.

राउंडवर्म म्हणजे गोल जंत, पिल्लांमध्ये सगळ्यात जास्त हाच. मांजरातल्या मुख्य जातीचं नाव टॉक्सोकारा कॅटी. पांढरट, गोल, दोन्ही टोकांना निमुळता, साधारण ४ ते १० सेंटीमीटर लांब, उलटीत किंवा शीत गुंडाळी होऊन पडलेला दिसतो. पिल्लांना हा आईच्या दुधातून मिळतो. आईच्या शरीरात याच्या अळ्या स्नायूंमध्ये वर्षानुवर्षं सुप्त पडून राहू शकतात, ती व्याली की जाग्या होऊन दुधात उतरतात, म्हणून आई बाहेरून ठणठणीत असली, तिची शीची टेस्ट निगेटिव्ह आली तरी पिल्लांना जंत होऊ शकतात आणि याच कारणाने पिल्लांचं डिवर्मिंग टेस्टची वाट न बघता करतात. मोठ्या मांजरांना हा मातीतल्या अंड्यांतून येतो, नाहीतर उंदीर, पक्षी, झुरळ असं काही खाल्ल्यामुळे. घरातलं मांजर बाहेर जात नसलं तरी चपला-बुटांना लागून माती आत येतेच आणि झुरळं तर येतातच. गिळलेली अळी आतड्यातून निघून यकृत, फुप्फुस असा प्रवास करते, तिथून श्वासनळीत चढते, खोकल्यातून घशात येऊन परत गिळली जाते आणि मग आतड्यात मोठी होते. जंत जास्त असलेली पिल्लं कधीकधी खोकतात ती यामुळे. हा प्रवास नीट लक्षात ठेवा, पुढे डोस परत का द्यायचा ते यावरूनच कळेल.

हुकवर्म आकाराने लहान, जेमतेम १ सेंटीमीटर आणि बारीक, त्यामुळे डोळ्यांना सहसा दिसतच नाही, पण पिल्लासाठी हा जास्त घातक. हा आतड्याच्या भिंतीला तोंड लावून रक्त पितो आणि जागा बदलली की जुन्या जागेतून रक्त वाहत राहतं. काळी शी, फिकट हिरड्या, मरगळ दिसली की आधी याचा संशय घ्यायचा. तोंडातून तर येतोच पण ओल्या मातीतल्या अळ्या कातडीतूनही आत शिरतात.

टेपवर्म म्हणजे चपटा, लांब, पट्टीसारखा. पूर्ण जंत क्वचितच दिसतो, दिसतात ते वर सांगितलेले तुकडे. याचे दोन मुख्य प्रकार: एक पिसवांमधून येतो, दुसरा उंदीर खाल्ल्यामुळे. पिसवावाल्याचा प्रकार असा, तुकड्यांमधली अंडी जमिनीवर पडतात, पिसवांच्या अळ्या ती खातात, ती अळी मोठी होऊन पिसू बनते आणि मांजराच्या अंगावर चढते, मांजर अंग चाटताना ती पिसू गिळतं आणि दोनतीन आठवड्यांत शेपटीखाली परत तुकडे हजर. म्हणजे मांजराने नुसते तुकडे किंवा अंडी चाटली तरी त्यातून हा टेपवर्म होत नाही, मधे पिसू लागतेच (कधीकधी उवांसारखे केस खाणारे किडेही हे काम करतात पण मुख्य पिसूच).

यानंतर येतात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव, कॉक्सिडिया, जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनास. हे जंत नाहीत आणि पायरँटेल किंवा प्राझिक्वांटेल या नेहमीच्या जंताच्या औषधांना ते अजिबात दाद देत नाहीत. डिवर्मिंग वेळेवर करूनही पिल्लाचे जुलाब आठवडाभर चालूच असतील तर बहुतेक वेळा यांच्यापैकी कोणीतरी असतं, आणि लोक इथे चूक अशी करतात की तेच जंताचं औषध परत देत बसतात. कॉक्सिडियाला वेगळं औषध, जिआर्डियाला वेगळं. ट्रायट्रायकोमोनास जास्त करून जिथे बरीच मांजरं एकत्र राहतात तिथल्या लहान वयाच्या मांजरांत दिसतो, मांजर खेळतंय खातंय छान पण शी महिनोन् महिने पातळ आणि प्रचंड घाण वास. मायक्रोस्कोपखाली हा जिआर्डियासारखाच वाटू शकतो आणि त्यामुळे चुकीचा उपचार होतो. जिआर्डियाला बऱ्याचदा देतात ते मेट्रोनिडाझोल याच्यावर चालत नाही, याला रोनिडाझोल लागतं आणि ते मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतं म्हणून फक्त व्हेटच्या देखरेखीखालीच.

दुसरं काम: वजन

औषधाची बाटली उघडायच्या आधी वजन करा. पिल्लासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर खोलगट भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि पिल्लाला भांड्यात बसवा. मोठ्या मांजरासाठी आधी तुम्ही एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग मांजर कडेवर घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा.

हे इतकं आवर्जून सांगते कारण चार आठवड्यांच्या पिल्लाचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि तिथे शंभर ग्रॅमचा अंदाज चुकला म्हणजे डोस पाव हिश्शाने चुकला. शिवाय तेच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या तीव्रतेचं काढतात, एका बाटलीत एका मिलीमध्ये जितकं औषध असतं त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या बाटलीत असू शकतं. म्हणून "माझ्या मैत्रिणीने १ मिली दिलं होतं" हा सल्ला कधीच घेऊ नका. व्हेटला वजन सांगा, बाटलीचा फोटो दाखवा आणि मिलीचा आकडा त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

पिल्लाचं वजन तसंही आठवड्यातून दोनतीनदा करा आणि तारीख टाकून वहीत लिहा. निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढतं. काटा दोन दिवस तिथेच थांबला किंवा खाली आला तर काहीतरी बिघडलंय, शी पातळ व्हायच्या आधीच कधीकधी हे कळतं.

तिसरं काम: शीचा नमुना

टेस्टसाठी ताजी शी लागते, शक्यतो १२ तासांच्या आतली, २४ तासांपेक्षा जुनी तर नकोच. चमचाभर पुरते, लिटरचे कण जितके कमी लागतील तितकं बरं. स्वच्छ झाकणाच्या डबीत घाला, लगेच न्यायला जमत नसेल तर फ्रिजमध्ये खाण्यापासून लांब, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, फ्रीझरमध्ये नको. फक्त ट्रायट्रायकोमोनासचा संशय असेल तर नमुना फ्रिजमध्येही ठेवायचा नाही कारण थंडीने तो जीव मरतो, अशा वेळी आधी व्हेटला विचारूनच नमुना घ्या.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नाही हेही समजून घ्या. टेस्टमध्ये जंत दिसत नाहीत, जंतांची अंडी दिसतात, आणि जंत मोठा होऊन अंडी घालेपर्यंत टेस्टला काही सापडणारच नाही. राउंडवर्मला यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, हुकवर्मला तीनेक. टेपवर्मची अंडी तर तुकड्यांत बंद असतात त्यामुळे नेहमीच्या टेस्टमध्ये ती बरेचदा निसटतात, म्हणून शेपटीखाली दिसलेल्या तुकड्याचा फोटो काढून न्या, रिपोर्टपेक्षा तो फोटो जास्त कामाचा. जिआर्डिया शीतून रोज बाहेर पडत नाही, एक दिवस असतो एक दिवस नसतो, त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने किंवा वेगळी अँटिजन टेस्ट करतात.

चौथं काम: औषध आणि वेळापत्रक

पिल्लांचं वेळापत्रक साधारण असं असतं: वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, आईचं दूध सुटल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत, आणि त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. काही व्हेट दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. पिल्लं आईबरोबर असतील तर आईलाही त्याच दिवशी डोस द्यायचा, नाहीतर पिल्लं साफ आणि आई परत देतेय असं चक्र चालू राहतं. दत्तक घेतलेल्या पिल्लाचं आधी काय झालंय ते माहीत नसेल तर काहीच झालेलं नाही असं धरून चाला.

लहान पिल्लांना जास्त करून पायरँटेलचं पातळ औषध देतात, ते राउंडवर्म आणि हुकवर्म दोन्हीवर चालतं आणि फार लहान पिल्लांनाही चालतं. टेपवर्मवर ते चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. मोठ्या मांजरांच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन्ही एकत्र असतात. फेनबेंडाझोल हे तिसरं नाव तुम्हाला ऐकू येईल, ते सलग काही दिवस द्यावं लागतं आणि जिआर्डियावरही वापरतात, पण पिसवांतून येणाऱ्या टेपवर्मवर त्याचा भरवसा नाही. मानेवर लावायचे थेंबही मिळतात, त्यातले काही जंत आणि पिसवा दोन्हीवर चालतात, पण कुठल्या थेंबात काय आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नका, काही फक्त पिसवांचे असतात आणि बरेच टेपवर्मवर चालत नाहीत.

आता डोस परत का. औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांवर काम करतं, त्या वेळी यकृत-फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्या बहुतेक औषधांतून सुटतात. पुढच्या दोनेक आठवड्यांत त्या आतड्यात उतरतात आणि दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो. पहिल्या डोसनंतर शी साफ दिसायला लागली म्हणून दुसरा डोस सोडून देणं हीच ती गोष्ट जिच्यामुळे "आमच्याकडे औषध लागूच पडत नाही" अशी तक्रार येते. पुढच्या डोसची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

मोठ्या मांजरांचं त्यांच्या राहणीवर. बाहेर फिरणारं मांजर वर्षातून निदान चार वेळा, उंदीर-पक्षी मारून खाणारं असेल तर व्हेट दर महिन्यालाही सांगू शकतात, पूर्ण घरात राहणारं वर्षातून एकदोनदा किंवा तितक्याच वेळा शीची टेस्ट. घरात लहान मुलं, गर्भवती बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर व्हेटला ते आधी सांगा, वेळापत्रक त्याप्रमाणे बदलतं.

आणि हे अजिबात करू नका: कुत्र्याचं औषध मांजराला. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं, मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत जातं. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा आणि त्याच क्षणी व्हेटकडे निघा. घरात कुत्रा असेल आणि त्याला असे थेंब लावले असतील तर मांजराला त्याच्यापासून लांब ठेवा. लसूण खायला घालून जंत पडतात असं कोणी सांगितलं तर कृपया ऐकू नका, लसूण आणि कांदा मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात, आधीच हुकवर्मने रक्त कमी झालेल्या पिल्लाला तर तेवढंही पुरेसं होईल. आयव्हरमेक्टिनचं मोठ्या जनावरांचं इंजेक्शन अंदाजाने थेंबभर पाजणं हाही असाच जीवघेणा प्रकार.

पाचवं काम: औषध पोटात घालणं

पातळ औषध असेल तर सुई काढलेली छोटी सिरिंज घ्या. पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. डोकं मागे वाकवू नका, सरळ ठेवा, सिरिंजचं टोक गालाच्या बाजूने दातांच्या मागच्या फटीत आणि थोडं थोडं, गिळायला वेळ देत. एकदम सगळं दाबलं तर औषध श्वासनळीत जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होतो. काही औषधांत तळाला गाळ बसतो, म्हणून बाटली आधी जोरात हलवा, नाहीतर वरचं वर पाणी जातं आणि शेवटच्या डोसला सगळा दणका.

गोळी असेल तर मागून धरा, एका हाताने गालांच्या हाडांवरून डोकं धरून नाक थोडं वर करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या अगदी मागच्या भागावर टाका, पुढे पडली तर थुंकून टाकणारच. तोंड मिटवून घसा हलकेच चोळा आणि लगेच सिरिंजने दोनतीन मिली पाणी पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते. प्राझिक्वांटेल भयंकर कडू असतं, गोळी तोंडात फुटली की मांजर फेस काढतं, लाळ गाळतं, ते बघून लोक घाबरून रडतात. बहुतेक वेळा तो कडू चवीचा फेस असतो, थोड्या वेळात थांबतो. गोळी थोड्याशा ओल्या खाण्यात दडवून जमलं तर उत्तमच, पण पूर्ण खाल्लं का ते उभं राहून बघा आणि गोळी तोडून द्यायची चालेल का ते आधी विचारा.

थेंब असतील तर डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला केस बाजूला करून कातडीवर, केसांवर नाही. ती जागा मांजराच्या जिभेला पोचत नाही म्हणून तीच. वाळेपर्यंत दुसऱ्या मांजराला चाटू देऊ नका.

औषधानंतर एकदोन दिवस शीत जंत पडतात, काही हलत असतात कारण पायरँटेल जंताला मारण्याआधी लुळं करतं. हे अपेक्षितच आहे. टेपवर्म मात्र आतड्यातच विरघळतो त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून औषध वाया गेलं असं समजू नका. एखादी उलटी, थोडी सैल शी चालते. डोस दिल्यावर लगेच, तासाभरातच उलटी झाली तर स्वतःहून परत डोस न देता व्हेटला फोन करा. सारख्या उलट्या, पोट घट्ट फुगलेलं, शी होतच नाहीये असं असेल तर जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो, तिथे थांबू नका.

सहावं काम: पिसवा

टेपवर्म परत परत होतोय म्हणजे औषध खराब नाही, घरात पिसवा आहेत. मांजर ओल्या पांढऱ्या कागदावर उभं करून बारीक दातांच्या कंगव्याने विंचरा, खाली पडलेले काळे कण लालसर पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एकही पिसू दिसली नाही तरी हे कण पुरेसे आहेत. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांमधल्या थोड्याच, बाकी अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सतरंजीत, फटीत असतात. म्हणून घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी औषध, अंथरुणं ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणं, कोपरे आणि सोफ्याच्या फटी व्हॅक्यूम करून पिशवी लगेच घराबाहेर टाकणं, आणि हे सगळं निदान तीन महिने. कोषातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. अगदी लहान पिल्लांना पिसवांची बरीचशी औषधं चालत नाहीत, वयाची आणि वजनाची अट पॅकवर वाचा, त्यांच्यासाठी कंगवाच बरा.

सातवं काम: लिटर

शी रोज काढा, शक्य असेल तर दोनदा. यामागे साधा हिशोब आहे, राउंडवर्मची अंडी शीतून बाहेर पडल्या पडल्या धोक्याची नसतात, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, टॉक्सोप्लाझ्माला (मांजराच्या शीतूनही पसरणारा एकपेशीय जीव, पोटातल्या बाळाला धोक्याचा) एक ते पाच दिवस. रोज काढलीत तर दोन्हीच्या आधी तुम्ही पोचता. जिआर्डिया मात्र बाहेर पडतानाच संसर्ग करायला तयार असतो, त्यासाठी शी पडली की उचलणं आणि मांजराचं ढुंगण ओल्या कापडाने पुसून केसांवरची घाण काढणं हेही लागतं.

आठवड्यातून एकदा डबा पूर्ण रिकामा करून साबणाने घासा आणि उकळतं पाणी ओता. ब्लीचवर भरवसा ठेवू नका, राउंडवर्मची अंडी आणि कॉक्सिडिया त्याला दाद देत नाहीत, उष्णतेने मात्र मरतात. शिवाय ब्लीच आणि लघवीतला अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होणारं फिनॉलवालं जंतुनाशक मांजराच्या वस्तूंना लावू नका, ते मांजराला विषारी आहे. बागेतल्या मातीत पडलेली अंडी काही वर्षं टिकू शकतात, त्यामुळे मुलांच्या खेळायच्या वाळूवर झाकण ठेवा. शीचं खत भाजीच्या वाफ्यात कधीच नको.

नवीन मांजर आणलंत तर निदान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळा लिटर बॉक्स, वेगळी भांडी.

घरातल्या माणसांचं काय

मांजर सोडून द्यायची काही गरज नाही, हे आधी. राउंडवर्मची तयार अंडी पोटात गेली तर माणसात अळ्या शरीरभर फिरू शकतात, क्वचित डोळ्यात जातात, लहान मुलांना धोका जास्त कारण ती माती तोंडात घालतात. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायातून शिरून कातडीखाली खाजणारी नागमोडी रेघ उठवतात. उपाय साधे: हात धुणं, नखं कापलेली, बागेत हातमोजे. मुलांच्या शीच्या जागी रात्री खाज येते ते बारीक पांढरे जंत मात्र मांजराकडून येत नाहीत, ते फक्त माणसाचे आहेत आणि माणसाकडूनच येतात, त्यावरून मांजराला घराबाहेर काढलेलं मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

गर्भवती बाईने लिटर साफ करायचं काम दुसऱ्याकडे द्यावं, कोणीच नसेल तर हातमोजे घालून रोजच्या रोज करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. टॉक्सोप्लाझ्मा बाहेर टाकण्याचा काळ मांजराच्या आयुष्यात सहसा एकदाच, एक ते तीन आठवड्यांचा असतो, आणि माणसाला तो कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतून येऊ शकतो. मांजराला कुरवाळण्यात तो धोका नाही. मांजराला कच्चं मांस देऊ नका, शिजवून द्या, त्याने मांजरही वाचतं.

कधी थांबायचं नाही

फिकट हिरड्या, काळी किंवा रक्ताची शी, अंग गार पडलंय, मान टाकलीये, सारख्या उलट्या, पिल्लाने एक दिवस खाल्लं नाही, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी व्हेट. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब आणि मरगळ एकदम सुरू झाली तर ते जंत आहेत असं धरून घरी बसू नका, पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो आणि त्यात तास महत्त्वाचे असतात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा, गार असताना दूध किंवा खाणं भरवू नका, ते पचत नाही. आणि अशा अवस्थेतल्या पिल्लाला जंताचं औषध घरी पाजू नका, आधी सलाईन, ऊब, कधी रक्त, मग औषध हे व्हेट ठरवतील.

व्हेटकडे जाताना वजनाची वही, आधी दिलेल्या औषधाची बाटली किंवा पाकीट, डोसची तारीख, तुकड्यांचा किंवा शीचा फोटो आणि ताज्या नमुन्याची डबी घेऊन जा. घरात बाकी किती मांजरं आहेत, कुठलं बाहेर जातं, पिसवा दिसल्यात का हे न विचारता सांगा. सगळे डोस पूर्ण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी शी परत तपासून घ्या, आणि तेव्हाही अंडी दिसलीच तर औषध बदलायच्या आधी वजन, लिटर आणि पिसवा हे तिन्ही परत एकदा बघा.